काडेपेटीचं कपाट आणि सुतळीची वेणी

गेल्या दिवाळीत गावी जाताना दादा-वहिनीची दोन्ही पिल्लं माझ्या गाडीत होती. चिनू चौथीत, बंड्या पहिलीत. फलटणच्या पुढे गेल्यावर चिनूने विचारलं, "काका, भाऊबीजेला बंड्या मला काय देणार आहे?" मी म्हटलं त्यालाच विचार. बंड्या म्हणाला, "मला माहीत नाही, पप्पांनी अजून आणलं नाही."

आता यात हसण्यासारखं खूप आहे, आणि मी हसलोही. पण पुढचा अर्धा तास ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खरंच आहे की! लहान मुलांची भाऊबीज म्हणजे काय असते? बहिणीचं ताट आई लावते, ओवाळणी बाबा आणतात, भाऊ ती ताटात टाकतो आणि दहाव्या मिनिटाला "मी सांभाळून ठेवते हं" म्हणत आई ती पर्समध्ये टाकते. (ते पैसे पुन्हा कुणाला दिसले असतील तर कृपया कळवावे.) म्हणजे पैसे एकाच घरात गोल फिरून परत आले, दोन्ही मुलं नुसती कुरियरवाली. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा इकडून तिकडे गेला, प्रोसेसिंग शून्य.

'श्यामची आई' मधला श्याम आठवा. धाकट्या भावाला कोट हवा म्हणून खाऊचे पैसे साठवतो. कोट शिवतो शिंपीच, पण पैसे श्यामचे असतात, न खाल्लेला खाऊ श्यामचा असतो. तेवढं तरी हवं ना?

माझं स्वतःचं सांगतो. २०१२ साल. माण तालुक्यातल्या माणसाला ते साल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, जनावरं छावणीत. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची छावणी होती. आमचे अण्णा दोन म्हशी आणि बैलजोडी घेऊन असेच एका छावणीत राहायला गेलेले. अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं तिथे पाल ठोकून राहत होती. मी आठवीत, ताई... म्हणजे माझी धाकटी बहीण, पण घरात सगळे तिला ताईच म्हणतात, ती चौथीत. आम्ही दोघं घरी आजीजवळ. ओवाळणीला पैसे मागायचे कुणाकडे?

मी ठरवलं, चिपाडाची बैलगाडी करायची. गावाकडच्या मंडळींना माहीत असेल, ज्वारीच्या धाटाची साल काढून आतल्या भेंडाला काटे टोचून झकास गाडी होते. कोपऱ्यात उरलेल्या कडब्याच्या पेंढीतून दोन धाटं ओढली तर आजी कडाडली, "आरं, जनावराच्या तोंडातलं काढतूस व्हय?" ठेवलं परत. मग दुकानाबाहेरच्या, चहाच्या गाड्यावरच्या रिकाम्या काडेपेट्या गोळा केल्या. आजीने पिठाची खळ शिजवून दिली (पीठ मोजून, एक चमचा). सहा पेट्या एकमेकींवर चिकटवल्या, आतल्या खणांना शर्टाची तुटकी बटणं मुठीसारखी लावली. ताईच्या टिकल्या, रबरं, कानातलं ठेवायचं कपाट तयार. तिने मला वाकळेच्या उरलेल्या चिंध्यांची पिशवी शिवून दिली, पेन-पेन्सिलीची. फूटपट्टी त्यातून चार बोटं वर यायची. टाके म्हणाल तर मुंग्या वाट चुकल्यासारखे. ती पिशवी घेऊन मी इंजिनिअरिंगची चारही वर्षं काढली.

तर गाडीतच मी जाहीर केलं की यंदा दोघांनी एकमेकांसाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं. विकत काही नाही. आणि काय करतोय ते दुसऱ्याला सांगायचं नाही. गुप्ततेवर दोघंही बेहद्द खूश. माझ्या मते निम्मी मजा तिथेच आहे. त्या चार दिवसांत दोघं जितकं कमी भांडले तितकं वर्षभरात भांडले नसतील असं नाही म्हणत मी, पण दार लावून भांडता येत नाही, हा एक फायदा.

पहिली अडचण, करायचं काय? मुलं एकदम म्हणतात, "ग्रीटिंग कार्ड." मी म्हटलं, आधी दिवसभर नुसतं बघ, त्याला काय लागतं, काय आवडतं. ऑफिसात याला रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात आणि तिथेही कुणी ते नीट करत नाही. चिनूने बघितलं की बंड्या सकाळपासून शेजारच्या धनगराच्या मेंढरांमागे आहे. तिने शेजारच्या मावशींकडून मूठभर लोकर मागून आणली. कच्ची लोकर, कुसळं अडकलेली, वासाची. तासभर कुसळं वेचली. पुठ्ठ्याचं मेंढरू कापून त्यावर ती चिकटवली, पायांना काड्या. पुठ्ठा जाड होता म्हणून कात्री मी चालवली, बाकी तिचंच.

आणि बंड्याने काय बघितलं असेल? की चिनूच्या केसांच्या क्लिपा रोज हरवतात आणि रोज सकाळी त्यावरून वहिनीचा ओरडा बसतो! मी तीस वर्षांच्या आसपास आलो, तीन-चार वर्षं एकाच टीममध्ये काम करतोय, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं रोज काय हरवतं ते मला सांगता येणार नाही. क्लिपा अडकवायला काहीतरी हवं म्हणून आजीने त्याला सुतळीची तिपेडी वेणी घालायला शिकवली. खिडकीच्या गजाला तीन पदर बांधून साहेब दोन दिवस वेणी घालत होते. एक चुलते येता-जाता म्हणाले, "पोरगं वेण्या घालाय लागलं की!" आजीने तिथल्या तिथे सुनावलं, "तू बैलाचं दावं वळतूस ते काय आस्तंय?"

आता माझा गुन्हा. रात्री बघितलं तर वेणी मधेच सैल, मधेच घट्ट, एक पदर संपत आलेला. बंड्या झोपलेला. मी ती सोडवली आणि छान एकसारखी घालून ठेवली. पाच मिनिटांचं काम. सकाळी त्याने हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाला, "ही माझी नाही." रडला नाही. पूर्ण उसवली आणि पहिल्यापासून बसला. मी तोंड लपवत चहा पीत होतो.

मदत करणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल माझं मत तिथे पक्कं झालं. धारदार वस्तू आपण हाताळाव्यात, वस्तू आणून द्याव्यात, गाठ सुटत असेल आणि मूल हाक मारेल तेव्हा बोट ठेवावं. बाकी हात पाठीमागे. शाळांचे प्रोजेक्ट आई-बाबा रात्री बारापर्यंत जागून करतात, तेच घरच्या भेटीत आणायचं असेल तर सरळ दुकानातून आणलेलं बरं, निदान खोटं तरी नाही.

कुणी म्हणेल, एवढा काय गाजावाजा, पोरांचा खेळ आहे. असेल. पण माझ्या आत्याने काही वर्षांपूर्वी हक्कसोड पत्रावर सही केली. कायदा तिच्या बाजूने होता. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा मिळतो, आणि महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच (लग्न न झालेल्या मुलींपुरता का होईना) तो दिला होता. तरी तिने सही केली, "माहेर तुटायला नको" म्हणून. सातबाऱ्यावरचं नाव गेलं आणि बदल्यात साडीचोळी मिळाली. ती साडीसुद्धा आईने जाऊन आणली होती. आमच्या अण्णांनी आपल्या बहिणीला कुठला रंग आवडतो ते आयुष्यात बघितलं नसावं. अण्णा वाईट माणूस नाही. त्यांना कुणी कधी बघायला लावलंच नाही.

असो. भाऊबीजेला चिनूने ओवाळलं. दादाने सवयीने पाचशेची नोट बंड्याच्या हातात सरकवली, बंड्याने ती ताटात टाकली आणि मग खिशातून वेणी काढली. हातभर लांब, शेवटाला तिरकी. चिनूने तिथेच डोक्यातल्या दोन क्लिपा काढून तिला लावल्या. मेंढराचा एक पाय संध्याकाळपर्यंत मोडला. नोट वहिनीच्या पर्समध्ये गेली, ती गेलीच.

मी ताईला फोनवर हे सगळं सांगितलं आणि विचारलं, यंदा तुला काय पाठवू, ऑनलाइन लिंक पाठव. ती म्हणाली, "काडेपेटीच्या कपाटाचा चौथा खण हरवलाय, तेवढा करून दे." एका काडेपेटीचं काम. पण घरात गॅसला लायटर आहे, आणि पुढच्या चौकातला चहावालाही लायटरच वापरतो. उद्या रविवार आहे, मंडईत शोधतो.