आधी पाणी, मग मासे

नव्या घराची वास्तुशांत झाली, की कुणीतरी हमखास सुचवतं, ‘हॉलमध्ये फिश टँक ठेवा, भरभराट होते.’ त्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊच मासे हवेत, हेही सांगितलं जातं. हे फेंगशुईतून आलेलं. पण आपल्याकडे आता वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांची छान खिचडी झालीय. मग पंधरा दिवसांत तो काळा मासा मरतो आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं हो!’ सगळ्यांना हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी नवा काळा मासा येतो.

मैत्रिणींनो, मला या वाक्याचा राग येतो. कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायची मला हौस नाही. पण या एका वाक्यामुळे मासा मेला कशानं, हे कुणी विचारतच नाही. आणि बहुतेक वेळा उत्तर त्या पाण्यातच असतं.

मासे पाण्यात राहतात, तिथेच खातात आणि तिथेच घाणही करतात. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. नदी-तळ्यात एक प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र थोडं असेल तर मासे सहन करतात. नव्याकोऱ्या टँकमध्ये हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, दगडगोट्यांवर वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र सकाळी टँक आणतो आणि संध्याकाळी नऊ मासे सोडतो! पाणी दिसायला आरशासारखं स्वच्छ, म्हणून शंकाही येत नाही.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे: विरजण. ज्यांचा टँक वर्षभर नीट चालू आहे, अशा ओळखीच्या घरातून फिल्टरचा वापरलेला स्पंज किंवा मूठभर रेती ओली ठेवूनच आणायची आणि आपल्या टँकमध्ये घालायची. फिल्टर दिवसरात्र चालू ठेवायचा. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते या जिवाणूंनाही मारतं आणि माशांनाही. म्हणून पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवायचं किंवा दुकानात क्लोरीन काढायचे थेंब मिळतात ते घालायचे.

आमच्या वस्तीतल्या बालवर्गात आम्ही टँक लावला, तेव्हा पाच आठवडे तो रिकामाच होता. मुलं रोज विचारायची, ‘ताई, मासे कुठायत?’ मग त्यांनाच पाणी तपासायचा किट दिला. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. हिरवा रंग आला तर अमोनिया आहे, पिवळा राहिला तर नाही. दर शनिवारी कॅलेंडरवर रंगीत खडूनं ठिपका. हिरवा, गडद हिरवा, पुन्हा फिका आणि एक दिवस पिवळा! नायट्राइट उतरायला त्यानंतरही थोडे दिवस गेले. पण त्या पिवळ्या ठिपक्याला जो आरडाओरडा झाला, तेवढा पुढे मासे आल्यावरही झाला नाही.

वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून बाऊलमध्ये गोल्डफिश द्यायची पद्धत तर बंदच व्हायला हवी. दोन-तीन लिटर पाणी, ना फिल्टर, ना हवा. गोल्डफिश नीट सांभाळला तर वीतभर होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो. आपण पाच वर्षांच्या मुलाच्या हातात एक जीव देतो आणि आठवड्याभरात तो मेलेला दाखवतो. यातून मूल काय शिकतं? पेन्सिलींचा डबा द्या ना!

घरी पहिलाच टँक असेल तर दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्यावा. छोटा टँक सोपा, हा गैरसमज आहे. पाणी कमी तितकं ते लवकर बिघडतं. रेती आणि पाणी भरल्यावर याचं वजन ६० किलोंच्या वर जातं, तेव्हा टीव्हीच्या शोकेसवर नको. खिडकीच्या उन्हातही नको, शेवाळं धरतं. मासे म्हणाल तर सहा-सात गप्पी पुष्कळ झाले. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं हौदात सोडतं, तेच हे, फक्त रंगीत. सगळे नर घ्या, नाहीतर दर महिन्याला बारसं!

आता खरा मुद्दा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे जवळपास पाऊण बादली. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या त्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. हे कोण करणार? हट्ट मुलांचा, हौस बाबांची आणि बादली आईच्या हातात, हे मी किती घरांत पाहते! टँक घ्यायच्या आधीच वार आणि माणूस ठरवा आणि फ्रिजवर लिहून लावा. कुणी नाव घालायला तयार नसेल, तर टँक नको.

काच साफ करतो म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतात. तो फूटभर वाढतो. मग टँकमध्ये मावेना म्हणून लोक त्याला नदीत ‘मुक्त’ करतात, पुण्य समजून. आपल्या नद्यांत आणि धरणांत तो आता माजलाय, त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या, टँक असलेल्या कुणाला द्या, नदीत नाही.

आणि दिवाळीत गावाला जाताना शेजारच्या काकूंच्या हातात खाण्याचा अख्खा डबा देऊन जाऊ नका. त्या मायेपोटी मूठभर घालतील आणि पाणी बिघडेल. चांगले मोठे मासे आठवडाभर खाण्याशिवाय सहज राहतात. जास्त दिवस जाणार असाल, तर चिमूट-चिमूट खाण्याच्या पुड्या बांधा आणि प्रत्येकीवर वार लिहून ठेवा.