चालीचे ज्ञान आणि पदाचे वाचन : गोविंदराव टेंबे यांच्या निमित्ताने

कृ. प्र. खाडिलकरांची नाट्यपदे काव्य म्हणून दुबळी आहेत, हा अभिप्राय मराठी विभागांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ओढूनताणून आणलेले शब्द, दुर्बोध अन्वय, अवघड समास ही त्याची ठरीव कारणे. अभिप्राय सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो ज्या मापाने दिला जातो ते माप एकदा तपासावयास हवे, आणि त्यासाठी गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांच्याकडे वळावे लागते.

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या 'संगीत मानापमान'च्या चाली टेंब्यांच्या. साकी-दिंडीचे परिचित वळण मागे सारून त्यांनी ठुमरी, कजरी, होरी अशा पूरब अंगाच्या गानप्रकारांकडे नाट्यपद नेले. येथे चाल आधी, शब्द मागाहून. मूळ हिंदी चिजेतील स्वरांच्या जागा, तिच्या मात्रा, तिची सम यांत मराठी शब्द बसवावयाचे होते. ब्रजभाषेतील ऱ्हस्वदीर्घांची लवचीकता मराठीस नाही. अशा स्थितीत अन्वय ताणला गेला, तर ते कवीचे दौर्बल्य म्हणावे की संहितेच्या घडणीची खूण? चीनमधील खुन्छू नाट्यपरंपरेत रूढ चालींत शब्द भरणे हीच कवीची कसोटी मानली गेली. आपल्याकडे मात्र अभ्यासकाने शब्द तेवढे उचलले आणि चाल संगीताच्या खात्यावर टाकली.

टेंबे हे दोन्ही खात्यांचे. भास्करबुवा बखले यांना गुरुस्थानी मानणारे हार्मोनियमवादक, १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'तील हरिश्चंद्र. आणि शिवाय लेखक. 'माझा संगीत व्यासंग' व 'माझा जीवनविहार' ही त्यांची पुस्तके ग्रंथालयात संगीत किंवा आत्मचरित्र या कपाटांत असतात, समीक्षेच्या कपाटात नसतात. वास्तविक ऐकलेले गाणे शब्दांत पकडण्याचा असा सायास करणारे गद्य मराठीत फार नाही. आठवणींच्या ओघात त्यांची शिस्त कधी ढळते, हे मान्य. पण तेवढ्यावरून त्यांस केवळ रसिक आठवणीकार ठरविणे अन्यायाचे आहे.

बालगंधर्वांनी गायिलेल्या नाट्यपदांची ध्वनिमुद्रणे आज कोणासही सहज ऐकावयास मिळतात. तरीही पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी भामिनीच्या पदांवर दहा गुणांचे उत्तर लिहितो ते बहुधा एकही पद न ऐकता. संहिता हाती ठेवून एक तासिका नुसते ऐकण्यास दिली, तरी वर्षानुवर्षे उतरवून घेतलेली ती टिपणे पुन्हा लिहावी लागतील.