तेविसावें कलम

सोलापुरास नवखा पाहुणा आला म्हणजे एका वस्तीच्या नांवाशीं तो हटकून अडखळतो. 'सेटलमेंट फ्री कॉलनी, नंबर अमुक' असे पत्ते येथें आजही टपालावर लिहिले जातात. हें सेटलमेंट कोणाचें, आणि कॉलनी 'फ्री' म्हणजे कशापासून मोकळी, असें विचारलें तर तरुण मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. उत्तर अवघड नाहीं. इंग्रजी अमदानींत सरकारनें 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केलेल्या जमातींचीं कुटुंबें या ठिकाणीं तारेच्या कुंपणाआड ठेविलीं होतीं. ज्यांची वर्तणूक अधिकाऱ्यांस समाधानकारक वाटे त्यांस कुंपणाबाहेर बिऱ्हाड करण्याची परवानगी मिळे. ती 'फ्री' कॉलनी.

हा जुना विषय आज काढण्यास कारण आहे. मेफेड्रोन, गांजा यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येऊं लागल्यापासून आमच्या परिचयाच्या घरांतून एकच सूर ऐकूं येतो. ज्या घरचीं मुलें पुण्यास वसतिगृहांत आहेत, तेथें तर जेवणाच्या पंगतीसही हाच विषय. सूर असा, कीं न्यायाधीशाच्या मर्जीवर कांहीं ठेवूंच नये. इतका माल सांपडला कीं इतकीं वर्षें, असें कायद्यानेंच ठरवून टाकावें. आईबापांची काळजी खोटी नाहीं, आणि हें विष घरांत शिरल्यावर काय होतें तें आम्हीं पाहिलें आहे. परंतु ठरीव शिक्षेचा हा उपाय नवा आहे अशी समजूत मात्र खरी नव्हे. त्याचा प्रयोग आपल्याच गांवांत, तारेच्या कुंपणाआडच्या लोकांवर, एकदां होऊन गेला आहे.

गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ सालचा. तो आरंभीं उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ सालीं तो सर्व देशास लागूं करण्याची सोय झाली, आणि १९२४ सालीं सर्व तरतुदी एकत्र करून नवा कायदा आला. कैकाडी, पारधी, मांगगारुडी, कंजारभाट, भामटे अशा जमाती त्याखालीं आल्या. हजेरी, परवाने, पोलिसांची रात्रीची पाहणी इत्यादि गोष्टी आतां पुष्कळांस ठाऊक आहेत. परंतु या कायद्याच्या तेविसाव्या कलमाची आठवण कोणी काढीत नाहीं. जबरी चोरी, दरोडा यांसारख्या, परिशिष्टांत दिलेल्या एखाद्या गुन्ह्याबद्दल ज्यास पूर्वीं शिक्षा झाली आहे असा जाहीर जमातीचा मनुष्य पुन्हा तशाच गुन्ह्यांत दोषी ठरला, तर त्यास निदान सात वर्षें कैद. तिसऱ्या वेळीं जन्माचें काळें पाणी. न्यायाधीशास याहून कमी शिक्षा देणें असेल तर तशीं विशेष कारणें निकालपत्रांत नमूद करावीं, एवढी एक खिडकी ठेविली होती.

येथें कोणी म्हणेल, वारंवार गुन्हा करणाऱ्यास जबर शिक्षा झाली तर बिघडलें काय? बिघडलें तें असें. वारंवार गुन्हा करणाऱ्यांसाठीं पीनल कोडांत पंचाहत्तरावें कलम होतेंच, आणि तें सर्वांस सारखें होतें. मात्र त्या कलमानें फक्त वरची मर्यादा घातली; त्या मर्यादेच्या आंत किती शिक्षा द्यावयाची हें न्यायाधीशानें पाहावें. तेविसाव्या कलमानें खालची मर्यादा घातली, आणि ती केवळ कांहीं जातींत जन्मलेल्यांसाठीं. दोघे मिळून एक गुन्हा करीत, दोघांची पूर्वशिक्षाही सारखी असे. एकाच्या बाबतींत न्यायाधीश वय, गरज, हेतु पाहूं शके, दुसऱ्याच्या बाबतींत आंकडा आधींच लिहिलेला. शिवाय जमात गुन्हेगार आहे कीं नाहीं हें ठरे सरकारी जाहीरनाम्यानें, आणि त्या जाहीरनाम्याच्या योग्यायोग्यतेंत शिरण्याचा अधिकार कोर्टास नव्हता. म्हणजे अर्धा न्यायनिवाडा कोर्टाबाहेरच उरकलेला असे.

सेटलमेंट काढणाऱ्यांत हेतूनें वाईट लोकच होते असें आम्ही म्हणत नाहीं. मुंबई इलाख्यांत स्टार्ट नांवाच्या अधिकाऱ्यानें १९०९ च्या सुमारास विजापुराकडे हें काम आरंभिलें. सोलापुरांत अमेरिकन मराठी मिशननें तें चालविलें. गिरण्यांत कामें मिळालीं, शाळा निघाल्या. परंतु सहा वर्षांवरील मुलांस आईबापांपासून वेगळें करून शाळेंत ठेवण्याचा अधिकारही याच कायद्यांत होता, आणि गिरणीच्या भोंग्यावर जाणारा मजूर सायंकाळीं कुंपणांत परतला नाहीं तर तो गुन्हा होई.

आपल्या घरांतून धर्मशास्त्राचें नांव आदरानें घेतलें जातें, म्हणून तें काय म्हणतें हेंही पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत, राजधर्मप्रकरणाच्या शेवटीं, दंड देण्यापूर्वीं काय काय पाहावें तें सांगितलें आहे: अपराध कोणता, देश कोणता, काळ कोणता, आणि अपराध्याचें बळ, वय, काम व वित्त किती. त्या स्मृतीवरील मिताक्षरा विज्ञानेश्वरानें लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणांत. तें कल्याण म्हणजे आजचें बसवकल्याण; आपल्याकडून हैदराबादेच्या वाटेनें जाणाऱ्यास तें फार आडवळणी नाहीं. मनूनें तर चोरीच्या दंडाची चढती भाजणी लावली आहे. शूद्रास आठपट, वैश्यास सोळापट, क्षत्रियास बत्तीसपट आणि ब्राह्मणास चौसष्टपट, कारण त्यास गुणदोष कळतात. त्याच अध्यायांत ब्राह्मणास देहदंडाची माफी आहे, हेंही झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. स्मृतींत विषमता आहे आणि ती पुष्कळ आहे. परंतु अपराध्याकडे न पाहतां दंडाचा आंकडा ठरवावा हें मत मात्र त्यांत शोधूनही सांपडणें कठीण.

जाता जातां एक आठवलें. मृच्छकटिकांतील शर्विलक हा चतुर्वेद्याचा मुलगा. घर फोडतांना मापास दोरी नाहीं म्हणून तो जानव्यानें भिंत मापतो. त्याच्या पायीं आपल्यापैकीं कोणाचें नांव पोलिसांच्या वहींत चढलें नाहीं.

मुंबई राज्यानें हा कायदा १९४९ सालीं रद्द केला, मध्यवर्ती सरकारनें १९५२ च्या ऑगस्टांत. १९६० सालीं पंडित नेहरू सोलापुरास आले असतां कुंपणाची तार समारंभपूर्वक तोडण्यांत आली. पण त्याच्या आदल्याच वर्षीं मुंबई राज्यांत सराईत गुन्हेगारांचा कायदा झालेला होता. त्यांत जातीचा उल्लेख नाहीं. पण सराईत कोण हें पाहावयाचें तें पूर्वीच्या शिक्षांवरून, आणि पूर्वीच्या शिक्षा कोणाच्या नांवावर अधिक असावयाच्या हें सांगण्यास ज्योतिषी नको. आमच्या नोकरीच्या काळांत एका हुशार मुलानें अर्जावर पत्ता लिहितांना 'सेटलमेंट' हा शब्द गाळून नुसता कॉलनीचा नंबर घातला. विचारतां म्हणाला, "गुरुजी, पुढें नोकरीच्या अर्जालाही हाच पत्ता लागेल." त्यास काय उत्तर द्यावयाचें?

आतां दारूकडे येऊं. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ सालचाच. त्याच्या सहासष्टाव्या कलमांत, पहिल्याच गुन्ह्यास निदान तीन महिने कैद व ५०० रुपये दंड, आणि याहून कमी द्यावयाचें तर विशेष व पुरेशीं कारणें निकालपत्रांत लिहावीं, अशी तरतूद आली. वाचकांनीं शब्दांकडे लक्ष द्यावें. तेविसाव्या कलमाचीच ही भाषा. जमातीचें नांव येथें नाहीं. परंतु शहरांत परवाना काढून बाटली घरीं आणणारा सुशिक्षित कायद्याच्या आंत, आणि माळरानावर हातभट्टी लावणारा बाहेर. सोलापूरच्या आसपासच्या तांड्यांवरील लमाणी मंडळींचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेत. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोंचली, आणि तो धंदा हळूहळू बसला. भट्टी हा पोट भरण्याचा मागाहून सांपडलेला मार्ग. ती दारू निर्दोष होती असें कोणी म्हणणार नाहीं. तिनें संसार बुडविले, लमाण्यांचेही. पण धाडी, खटले आणि दंड यांचें चक्र अनेक वर्षें फिरलें तरी भट्ट्या विझल्या नाहींत. २०२१ सालीं ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनीं 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलें. मुळेगांव तांड्यासारख्या ठिकाणीं धाडींबरोबरच पोलिसांनीं घरोघर बसून दुसरें काम काय करतां येईल याची विचारपूस केली, आणि कांहीं कुटुंबांनीं भट्टी सोडून दुसरा धंदा धरला. पोलीस खात्यानेंच हें करावें ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते, कारण कलमें लावण्याचा सोपा मार्ग त्यांस मोकळा होता.

अमली पदार्थांचा आजचा कायदा १९८५ सालचा. गांजा एक किलोपर्यंत असेल तर थोडा. वीस किलोंच्या वर गेला कीं 'व्यापारी प्रमाण', आणि मग निदान दहा वर्षें सक्तमजुरी व निदान एक लाख रुपये दंड. मधल्या प्रमाणास खालची मर्यादा नाहीं. न्यायाधीश दोन वर्षेंही देऊं शकतो. म्हणजे पोत्याचें वजन एकोणीस किलो भरलें कीं एकवीस, यावर एका मनुष्याचें आयुष्य अवलंबून. त्याच झाडाचीं नुसतीं पानें म्हणजे भांग. तीं या कायद्याच्या व्याख्येंतच येत नाहींत, म्हणून शिवरात्रीच्या थंडाईस अपाय नाहीं. मेफेड्रोनची सीमा अवघी ५० ग्रॅम. मोठ्या प्रमाणाच्या खटल्यांत आरोपी निर्दोष असल्यास सबळ कारण आहे असें न्यायाधीशास वाटल्यावांचून जामीन नाहीं, आणि आरोपीच्या मनांत गुन्ह्याचा हेतु होता हें कोर्टानें आधींच गृहीत धरावयाचें. नव्हता हें आरोपीनें सिद्ध करावें. १९८९ सालीं तर कांहीं गुन्ह्यांत दुसऱ्या वेळीं फांशीच द्यावी, असें कलम घातलें होतें. २०११ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तें सक्तीचें नसून ऐच्छिक समजावें असा निर्णय दिला, आणि २०१४ सालीं कायद्याचा शब्दही बदलला.

आंध्र-ओरिसाच्या डोंगरांतून येणारा गांजा हैदराबाद-सोलापूर रस्त्यानें मुंबई-पुण्याकडे जातो. ज्याचा पैसा गुंतलेला असतो तो मनुष्य मालाबरोबर प्रवास करीत नाहीं. मालाबरोबर असतो तो ड्रायव्हर, क्लीनर, किंवा दोनचार हजारांसाठीं पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एखादी बाई. ठरीव शिक्षा या दोघांत भेद करीत नाहीं, कारण ती वजन पाहते. न्यायाधीशाचा विवेक काढून घेतला म्हणजे विवेक नाहींसा होतो असें नव्हे. तो नाक्यावरील जमादाराच्या हातीं जातो. कोणाची पिशवी उघडावयाची, पंचनाम्यांत वजन किती लिहावयाचें, कोणतें कलम लावावयाचें, हें सर्व तो ठरवितो, आणि त्याच्या निर्णयास निकालपत्र लागत नाहीं. तो ज्यास आधींपासून ओळखतो त्याचीच पिशवी आधीं उघडतो.

हें आपल्याकडेच होतें असें नाहीं. अमेरिकेनें १९८६ सालीं पांच ग्रॅम 'क्रॅक' कोकेनला पांच वर्षांची किमान शिक्षा ठेविली. तीच शिक्षा साध्या कोकेनच्या पुडीला ५०० ग्रॅमांवर. द्रव्य एकच. परंतु क्रॅक स्वस्त, गरीब काळ्या वस्त्यांत विकलें जाणारें, आणि पूड पैसेवाल्यांची. क्रॅकसाठीं तुरुंगांत गेलेल्यांत बहुतेक काळे लोक निघाले. तो शंभरपटीचा फरक २०१० सालीं अठरापटीवर आला. एवढें होण्यास चोवीस वर्षें लागलीं.

आमच्या एका परिचित बाईंनीं हें ऐकून विचारलें, "मग विकणाऱ्यांना मोकळें सोडायचें का?" मुळींच नाहीं. वरची मर्यादा हवी तेवढी उंच ठेवावी. विष करणाऱ्या कारखानदारास न्यायाधीशानें ती सगळी द्यावी. खालची मर्यादा मात्र काढावी, आणि कमी शिक्षेचीं कारणें जशीं लिहावयास लावतात तशीं जबर शिक्षेचींही लावावीं. त्या बाईंचा नातू वसतिगृहांत आहे. त्याच्या खोलींतल्या दुसऱ्या मुलाच्या कपाटांत साठ ग्रॅमांची पुडी निघाली आणि दोघांचीं नांवें पंचनाम्यांत गेलीं, तर त्या कोणत्या कोर्टांत काय सांगतील? मुलाचें वय, संगत, परीक्षा, घरचें वळण, हेंच ना? सेटलमेंटमधल्या आईसही हेंच सांगावयाचें असतें. फरक इतकाच, कीं तिच्याजवळ वकिलाच्या फीचे पैसे नसतात.

२०२४ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें सुकन्या शांता यांच्या अर्जावर निकाल देतांना तुरुंगांच्या नियमावलींतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला, आणि विमुक्त जमातींस जन्मतः सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेखही. राज्यांनीं तीन महिन्यांत नियमावली दुरुस्त कराव्या असें सांगितलें. विमुक्तांस मनमानी अटक होऊं नये यासाठीं पोलिसांनीं आधींच्या निकालांतील सूचना पाळाव्या, असेंही बजावलें. आमच्या वाचकांत वकील पुष्कळ आहेत. सोलापूर जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांच्या वह्यांत कोणाचीं नांवें केवळ आडनांवावरून चालत आलीं आहेत, हें माहितीच्या अधिकाराखालीं विचारण्यास दहा रुपयांचा अर्ज पुरतो. त्यांतल्या कोणीं तो केल्यास उत्तर काय आलें तें आम्हांस अवश्य कळवावें.