गुन्हेगार आधी, पुरावा मागाहून!

चित्रपट म्हणजे दोन घटकांची करमणूक, असे समजणाऱ्या वाचकांनी ऑर्सन वेल्स यांचा ‘टच ऑफ ईव्हिल’ हा १९५८ सालचा अमेरिकन चित्रपट अवश्य पाहावा. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील गावात मोटारीत स्फोट होतो. क्विनलन हा गोरा पोलीस अधिकारी सांचेझ नावाच्या मेक्सिकन तरुणावर संशय घेतो आणि पुरावा मिळेना, म्हणून त्याच्या घरी सुरुंगाच्या कांड्या पेरतो. ही लबाडी उघडकीस आणणारा व्हार्गासही मेक्सिकनच. यावरून हा चित्रपट दुर्बलांच्या बाजूचा म्हणावा लागेल.

परंतु व्हार्गासची भूमिका चार्ल्टन हेस्टन या गोऱ्या नटाने तोंड रंगवून केली आहे! शिवाय सांचेझने गुन्हा कबूल केल्याची वार्ता अखेरीस येते आणि क्विनलनचा तर्क खरा ठरतो. कोठडीतील कबुलीची किंमत काय, हे कोणी विचारीत नाही. पण ती खरी धरली, तरी पेरलेला पुरावा न्याय्य ठरतो काय? मुळीच नाही. आज ज्याचा संशय खरा ठरला, तोच उद्या निरपराध्याला फासावर चढवील.

वाचकहो, तशी एक सरहद्द आपल्या प्रत्येक गावात गावकुसाच्या रेषेने आखलेली आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. करवीर संस्थानात मात्र राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ सालीच महार, मांग, रामोशी व बेरड यांची पोलिसांपुढील हजेरी बंद केली होती. कायदा गेला, पण दृष्टी गेली काय? २००३ सालच्या एका दरोडा व खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार बाईने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहाही जणांना फाशी ठोठावली आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. गेलेली वर्षे कोण देणार?

म्हणूनच पडद्यावर कोण दिसतो आणि कोणाच्या तोंडून बोलतो, हा प्रश्न हक्कांचा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) आरोपी लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार या आंबेडकरी कार्यकर्त्यानेच केली, तेथे तोंड रंगवावे लागले नाही. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये नाडलेला शेतकरी पडद्यावर आणला, तो याच कोल्हापुरात. या नगरीकडून याहून कमी अपेक्षा का करावी?

पुढच्या वेळी पोलिसाच्या पराक्रमाचा चित्रपट पाहाल, तेव्हा टाळी वाजविण्यापूर्वी एवढेच पाहा: चोर कोणत्या वस्तीतला दाखविला आहे, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा काय? पुरावा नसेल, तर हात आवरा. ती टाळी उद्या आपल्याच वस्तीच्या दारावर थाप होऊन येईल.