आंबवणे आणि पाजणे

भांडगाव हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. एका अंगाला यवत, दुसऱ्या अंगाला केडगाव-चौफुला. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात फिरले, ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला आणि उसामागोमाग गुऱ्हाळे आली. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे निघते तीही याच वाटेने. काहिलीतल्या रसाचा वास आणि गळ्यातली तुळशीची माळ या दोन्ही गोष्टी या गावाला सारख्याच सवयीच्या आहेत. आमच्या आजच्या विषयाला या दोन्हींचा संदर्भ आहे, म्हणून ही प्रस्तावना.

आमचे एक स्नेही मूळचे या गावचे. गेली वीसएक वर्षे अमेरिकेत असतात. तेथे त्यांना घरच्या घरी बिअर आणि मधाचे मद्य करण्याचा छंद जडला. सातूचे मोड, हॉप्सची फुले, यीस्ट, काचेचे बुधले आणि एक वही एवढी त्यांची सामग्री. ते म्हणतात की या छंदात नऊ भाग भांडी घासणे असते आणि एक भाग वाट पाहणे. तयार झालेले पेय ते विकत नाहीत. मित्र आणि शेजारी जमतात, चव घेतात, दोष काढतात आणि पुढच्या खेपेला काय बदलावे हे ठरवतात. गेल्या हिवाळ्यात ते गावी आले तेव्हा आम्ही तिघे-चौघे त्यांच्याकडे दोन दिवस मुक्कामाला होतो. गुऱ्हाळावरची ताजी काकवी पाहून त्यांच्या मनात आले की मध आणि काकवी एकत्र आंबवून घरच्यांना एकदा आपला छंद दाखवावा. त्यांनी तो मनसुबा रात्री जेवताना बोलून दाखवला.

पंगतीत एकदम शांतता पसरली. त्यांचे चुलते हातभट्टीपायी गेले, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. काकू वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "काळा गूळ आन् नवसागराचा वास मी अठरा वर्षं काढलाय. तू तिकडं काय करतोस ते तू जाण. या घरात गूळ कुजवायचा नाही."

आमचे स्नेही काही बोलले नाहीत. बोलण्यासारखे पुष्कळ होते, परंतु ते त्या ताटावर बोलण्यासारखे नव्हते. ते येथे मांडावे असे आम्हाला वाटते.

पहिला प्रश्न भाषेचा आहे. आजच्या प्रमाण मराठीत या सगळ्या प्रकाराला एकच शब्द उरला आहे, तो म्हणजे दारू. आणि तो बंदुकीच्या दारूलाही चालतो! मोहाची, माडी, ताडी, फेणी हे शब्द त्या त्या मुलखात जिवंत आहेत, पण शहरी बोलण्यात ते सारे एका बाटलीत ओतले जातात. क्रियापदांचीही तीच गत. दारू 'गाळतात' आणि दारू 'पाजतात'. गाळणे म्हणजे आंबवलेला द्राव तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करून मद्यार्क तीव्र करणे. आमचे स्नेही गाळत नाहीत, आंबवतात. किण्व साखर खाते, तिचा मद्यार्क आणि वायू होतो, आणि काम तेथे संपते. इडलीच्या पिठाला आपण जे क्रियापद लावतो तेच येथे लागू आहे. पण 'घरी आंबवले' असे सांगितले की ऐकणाऱ्याला 'घरी गाळले' असेच ऐकू येते. काकूंनाही तेच ऐकू आले, आणि त्यांच्या आयुष्याकडे पाहता त्यात त्यांची चूक नाही.

जुन्या ग्रंथांत ही गल्लत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षावर एक अख्खा अध्याय आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार तेथे वेगवेगळे सांगितले आहेत. अर्थशास्त्राची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करणारे रा. पं. कंगले हे मराठीच विद्वान; मुंबई विद्यापीठाने ती १९६०च्या दशकात प्रसिद्ध केली. कौटिल्य दारूच्या बाबतीत मुळीच सैल नाही. दुकाने कोठे असावीत, किती द्यावी, कोणाला द्यावी यावर त्याची करडी नजर आहे. तरीही तो कुटुंबवत्सल गृहस्थाला विशेष प्रसंगी घरी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा देतो, आणि राजाच्या मालाबाहेरचे मद्य विकणाऱ्याकडून मात्र शेकडा पाच शुल्क घेतो. घरचा प्रसंग वेगळा आणि बाजार वेगळा, एवढा विवेक त्या कठोर माणसाकडे होता.

आपला कायदा हा विवेक करीत नाही. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारी महसुलाच्या मुठीत नेली. १८९२च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. इंग्रजांना नीतीची काळजी होती असे नव्हे. त्यांना महसूल हवा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. तो आज महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे, आणि परवान्याविना मद्य तयार करणे हा त्याच्या पासष्टाव्या कलमाखाली गुन्हा आहे. घरच्यासाठी केलेला एक बुधला आणि विक्रीसाठी लावलेली भट्टी यांत ते कलम फरक करीत नाही. गंमत अशी की १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेल्या औषधांवरची बंदी अवैध ठरवली. त्यामुळे द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट आपल्या फडताळात बिनदिक्कत बसले आहेत. त्यांत किण्वनातूनच आलेला, बिअरइतका किंवा त्याहून अधिक मद्यार्क असतो. आमच्या लहानपणी बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या माळकरी आज्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या दांभिक नव्हत्या; चमच्याने मोजून दिलेली वस्तू आणि पेल्याने ढोसलेली वस्तू यांतला फरक त्या जाणत होत्या.

दुसरीकडे बाजाराला सगळे काही मोकळे आहे. याच पट्ट्यातल्या उसाच्या मळीचा मद्यार्क कारखान्यात होतो, पेट्रोलात मिसळला जातो आणि रंग-वास लावून बाटलीतही भरला जातो. पुण्यात २००९ साली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि पाठोपाठ अनेक आल्या. ज्याच्याकडे परवान्याचे पैसे आहेत त्याने केलेली बिअर ही कला ठरते, ज्याच्याकडे नाहीत त्याची तीच बिअर गुन्हा ठरते. इंग्लंडने घरगुती बिअरवरचा परवाना १९६३ साली काढून टाकला. अमेरिकेने १९७८च्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त केली: एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन, आणि विक्री नाही. वाटा, पण विकू नका, असाच त्याचा अर्थ. अशी मर्यादित सवलत आपल्या कायद्यातही असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाळणे नाही, विक्री नाही, प्रमाण ठरलेले.

यावर विचारले जाईल की मालवणीचे काय? २०१५च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती मेली मिथेनॉलने, आणि मिथेनॉल आले नफ्यासाठी. जो माणूस आपल्या पाहुण्यांबरोबर स्वतः तेच पिणार आहे त्याला त्यात विष कालवण्याचे कारण नसते. करणाऱ्याचे तोंड आणि पिणाऱ्याचे तोंड एकाच घरातले असणे, ही फार मोठी तपासणी आहे.

हे सर्व मांडून झाल्यावरही काकूंचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो आमच्या युक्तिवादाने मिटत नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान करून दुकाने बंद पाडली, ती मद्यशास्त्राच्या अज्ञानातून नव्हे. नवऱ्याने काय प्यायले यापेक्षा कोणाच्या संमतीने, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या पाठीवर प्यायले, हा त्यांचा मुद्दा होता. दारू घरात आली की घरातल्या बाईचा शब्द घराबाहेर जातो, हा त्यांचा अनुभव आहे. त्या अनुभवावर 'आम्ही तसे नाही' एवढे उत्तर पुरत नाही.

म्हणून छंद घरच्यांबरोबर 'वाटून घेणे' हा शब्दप्रयोग आम्हाला आता तपासून पाहावासा वाटतो. वाटणे म्हणजे पेला पुढे करणे नव्हे. ते पाजणे झाले. निवडणुकीतही पाजतात. वाटून घेणे तेव्हाच घडते जेव्हा समोरच्याला 'नको' म्हणता येते आणि तसे म्हणूनही पंगतीतले त्याचे पान हलत नाही. न पिणारा ज्या घरात पाहुणा ठरतो, तेथे केलेले मद्य कितीही निर्मळ असो, ते घरचे नाही. कायद्याने परवानगी द्यावी असे आम्ही म्हणतो; पण कायद्याच्या परवानगीने घरातली परवानगी मिळत नसते, आणि ज्याने सोसले आहे त्याचा नकार तेथे अखेरचा मानावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्नेह्यांनी काकूंसमोर आपली वही उघडली. कोणत्या तारखेला काय घातले, किती दिवस ठेवले, कोणती खेप आंबट झाली म्हणून मोरीत ओतली, हे सारे वाचून दाखवले. काकू चुलीपाशी बसून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "तुझी बायको पिते?" ते म्हणाले, "कधी घेते, बऱ्याचदा नाही." "आन् नाही म्हटली तर?" "तर नाही." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

निघताना त्यांनी काकवीचा एक डबा फडक्यात घट्ट बांधून त्यांच्या हाती दिला. म्हणाल्या, "इथं नको. तिकडं कर. मी काय पिणार नाही, पण कशी झाली ते फोन करून सांग."