सायकल घेताना माल पाहा

फेरीच्या धंद्यासाठी सायकल घेणाऱ्या सोयगावच्या बांधवांना आमचे सांगणे आहे की, दुकानातील चकाकीआधी आपला माल, आपली ताकद आणि आपला रस्ता पाहावा. बारीक टायरची रोडबाइक हलकी पळते. पण कापडाचे गाठोडे बांधायला तिला बहुधा कॅरिअरच नसते. फर्दापूरपर्यंतच्या फेरीला साधी काळी सायकल पुरे. गिअरवर पैसा अजिंठ्याचा घाट चढणाऱ्यानेच घालावा. खालच्या पायडलवर टाच टेकली असता पाय सरळ राहील, इतकी सीट उंच हवी. सुटे भाग गावच्या मिस्त्रीकडे मिळतात का, हे आधी विचारावे. ॲटलससारख्या नामांकित कंपनीचा साहिबाबादचा कारखानाही २०२० साली बंद पडला. आणि मालाचे भांडवल मोडून सायकल घेऊ नये. रिकाम्या कॅरिअरवर फेरी होत नाही.