तापातले झटके, चप्पल आणि आपली प्रज्ञा

पावसाळा लागला की वस्तीत घराघरांत लेकरं सर्दी-खोकला-तापाने आजारी पडतात. कधी फ्लू, कधी कोविड, कधी श्वसनाचा दुसरा कुठला तरी विषाणू. त्यातल्या एखाद्या लेकराचा ताप चढतो, डोळे वर फिरतात, हातपाय ताठ होऊन झटके येऊ लागतात. आई किंचाळते, शेजारी धावतात आणि पहिला हात जातो तो दाराबाहेरच्या चपलेकडे. कोणी कांदा फोडतो, कोणी दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालतो, कोणी म्हणतो, बाहेरचं आहे, उतरवून घ्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच फोटोखाली हे सगळं! आम्ही दुसऱ्या कोणाबद्दल नाही, आपल्याच घरांबद्दल बोलत आहोत.

आधी विज्ञान समजून घेऊ. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात असा झटका येतो. वाढत्या वयाचा मेंदू तापाला अशी प्रतिक्रिया देतो, इतकंच. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि मेंदूला इजा होत नाही. साधारण तीनपैकी एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा झटका येतो, पण बहुसंख्य मुलांना पुढे अपस्मार, म्हणजे मिरगी, होत नाही.

आता कळीची गोष्ट. झटका आपोआपच थांबणार असतो. त्या वेळी नाकाशी चप्पल असेल तर श्रेय चपलेला, भगत असेल तर भगताला. वर्षानुवर्षांची ही दुकानदारी याच योगायोगावर चालते. आणि ज्या थोड्या लेकरांचा झटका थांबत नाही, ज्यांच्या मेंदूपर्यंत आजार पोचलेला असतो, त्यांचा मोलाचा वेळ याच खेळात जातो.

आणि चप्पलच का, हा प्रश्न आपण कधी विचारला का? चामडं विटाळाचं, पायातली वस्तू सगळ्यात हीन, म्हणून तिला भूतही घाबरतं, असा हा हिशेब आहे. म्हणजे ज्या शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनेने आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, तीच कल्पना आपण लेकराच्या नाकाशी धरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असून काय उपयोग, झटक्याच्या त्या दोन मिनिटांत प्रज्ञा पळून जात असेल तर?

पण थांबा. हे वाचून जे सुशिक्षित गृहस्थ ‘हे लोक अडाणीच’ म्हणून हसतील, त्यांनाही आमचा सवाल आहे. रात्री दोन वाजता आईने लेकराला न्यायचं कुठे? सरकारच्याच निकषाप्रमाणे सपाट भागात ३० हजार लोकांमागे आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे रात्री डॉक्टर नसेल, झटका थांबवणारं औषध नसेल, तर दार उघडं असतं ते भगताचंच. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य असल्याचं संविधानाचं कलम ४७ सांगतं. दवाखाना द्यायचा नाही आणि अंधश्रद्धेबद्दल उपदेश करायचा, ही लबाडी आहे.

कायद्याचंही तेच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हा गुन्हा आहे. पण वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखण्याबद्दलचं कलम कुत्रा, साप आणि विंचू यांच्या दंशापुरतं बोलतं. त्यात झटक्याच्या रुग्णाचा उल्लेख का नाही? ही दुरुस्ती आपण मागितली पाहिजे.

झटक्याचा कलंक तर आणखी जुना. ज्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत बौद्धांनाही धरलं आहे, त्यात अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं एक कारण होतं. ते काढायला १९९९ साल उजाडावं लागलं. कायद्यातून शब्द गेला, मनातून गेला नाही. म्हणून तर मुलीला झटका आला की आई-बाप डॉक्टरपासूनही लपवतात. लपवलेल्या आजारावर उपचार होत नाहीत.

मग करायचं काय? प्रत्येक विहारात आणि अभ्यासिकेत एवढं लिहून लावा. लेकराला कुशीवर वळवा. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, दिवसभरात पुन्हा आला, श्वासाला त्रास झाला, मान ताठ झाली किंवा झटक्यानंतर मूल शुद्धीवर येत नसेल, तर १०८ ला फोन करा. पहिलाच झटका असेल किंवा मूल सहा महिन्यांहून लहान असेल, तर झटका थांबला तरी दवाखाना गाठा. आणि ज्यांना आधीच मिरगी आहे, त्यांनी ताप-खोकल्यातही रोजची गोळी चुकवू नये.

सोबत तालुक्याला निवेदन द्या. प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि रुग्णवाहिकेत मिडाझोलाम हवं, आशाताईंना प्रशिक्षण हवं, रात्री डॉक्टर हवा. उत्तर मिळेपर्यंत हटू नका.

बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरं मातीआड केली. राजरत्न गेला ते साल होतं १९२६. शंभर वर्षांनंतरही आपल्या आयांनी केवळ उशीर झाला म्हणून लेकरू गमवायचं असेल, तर आपल्या जयंतीच्या मिरवणुकांना अर्थ काय? चप्पल पायात घाला आणि दवाखान्याकडे चाला. तिचा उपयोग तेवढाच आहे.

जय भीम!